उपनगरात आग लागली तर बंब कुठून यायचा? (मुंबई, १९४४ ते १९६० च्या आसपास)

जोगेश्वरीकर

मंडळी, आमच्या रहिवासी संघाची स्मरणिका निघतेय आणि 'आपला परिसर तेव्हा' हा लेख माझ्या गळ्यात पडलाय. शाळा, देवळं, ग्राहक भांडार, पहिली बस हे सगळे चांगले विषय लोकांनी आधीच पळवले, मला उरलं फायर ब्रिगेड. आधी वाटलं यात काय लिहिणार, दोन परिच्छेद फार तर. पण थोडं खणायला लागलो तर जाम इंटरेस्टिंग निघालं, म्हणून इथे धागा काढतोय. जुनी मंडळी आहेत, भर घाला.

मुळात प्रश्न साधा होता की १९५० च्या आधी अंधेरीला किंवा कुर्ल्याला आग लागली तर बंब कुठून यायचा? मुंबई म्युनिसिपालिटीची हद्द तेव्हा माहीम-सायनलाच संपायची ना. खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे १९२० साली ठाण्यातून वेगळा काढलेला मुंबई उपनगर जिल्हा, त्यात वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा आपापल्या छोट्या नगरपालिका आणि बाकी सगळी गावठाणं. १९५० ला हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली, १९५७ ला दहिसर-मुलुंडपर्यंत. आता हिशोब बघा, मुंबई बेट साधारण ६८ चौ. किमी आणि १९५७ नंतरची बृहन्मुंबई ४३७ च्या घरात. सात वर्षांत सहापटीहून जास्त जागा एकाच ब्रिगेडच्या अंगावर. लोकसंख्या पण थांबलेली नव्हती, १९५१ ला सगळी मिळून ३० लाखांच्या आसपास, १९६१ ला साडेएकेचाळीस लाख.

माझं मत असं बनत चाललंय की उपनगरं कागदावर एका रात्रीत मुंबईत आली पण बंबाच्या हिशोबाने यायला त्यांना बरीच वर्षं लागली, आणि त्याचं कारण फक्त फायर स्टेशनं कमी होती एवढंच नाही. शहरातली ब्रिगेड घडली ती गोदी, गिरण्या, गोदामं, चाळी यांच्या आगी विझवत. इकडे काय तर गवताच्या गंजी, कौलारू घरं, मिठागरं, मधेच एखादा स्टुडिओ आणि आग्रा रोडला नवे कारखाने. सगळंच वेगळं. बोला.

किरण_कुर्ला

मस्त विषय. थोडं मागून सुरू करतो म्हणजे नवीन लोकांना लिंक लागेल.

मुंबईत १८६५ च्या सुमारास घोड्याच्या बंबांचं दल उभं राहिलं ते पोलिस कमिशनरच्या हाताखाली. मग १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याने ते काम म्युनिसिपालिटीकडे आलं. मुख्यालय भायखळ्याला, १९०७ ला पहिला मोटरचा बंब. म्हणजे उपनगरं येईपर्यंत ही ब्रिगेड चांगली मुरलेली होती, उगाच नवशिकी नव्हती.

पण मध्ये १९४४ आहे आणि ते वगळून पुढे जाताच येत नाही. १४ एप्रिल, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकिन' जहाज. बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे आलेलं, पोटात जवळपास १४०० टन दारूगोळा, आणि कराचीला वर कापसाच्या गाठी भरलेल्या. दारूगोळा आणि कापूस एका जहाजात, यावर काय बोलायचं. सोन्याच्या विटा पण होत्या त्यात, सगळ्यांना गोष्ट म्हणून तेवढंच लक्षात राहतं. दुपारी दोन नंबरच्या फाळक्यातून (जहाजातला माल ठेवायचा कप्पा) धूर दिसला, बंब आले, ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं तरी आग दिसेना कारण ती गाठींच्या आत धुमसत होती. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. फायर ब्रिगेडची ६६ माणसं गेली. ब्रिगेडचा प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः तिथेच होता, तो वाचला. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच्यामुळे.

आता हे उपनगराच्या धाग्यात का, तर ६६ शिकलेली माणसं एका दुपारी गेली आणि पुढच्या सहाच वर्षांत हद्द वाढली. फायरमन काय रस्त्यावरून उचलून आणता येत नाही, तो तयार व्हायला वर्षं लागतात. आणि तेव्हा देशात अग्निशमनाचं राष्ट्रीय कॉलेजसुद्धा नव्हतं, ते निघालं १९५६ ला रामपूरला आणि १९५७ ला नागपूरला हललं. तोवर जे शिकायचं ते स्टेशनातच, वरच्याकडून शिव्या खात.

वाचकमात्र

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

बंबवाल्याचा_नातू

आयडी बघूनच कळलं असेल. आमचे आजोबा (आईचे वडील) सातारा जिल्ह्यातले, गोदीच्या स्फोटानंतर जी भरती झाली त्यात लागले आणि नंतर नोकरीचा मोठा काळ उपनगरात काढला. क्वार्टर्समध्येच आईचं बालपण गेलं त्यामुळे घंटा वाजली की जेवणावरून उठणारी माणसं तिने रोज बघितलेली.

एक गंमत सांगतो. लोकांना वाटतं हे आजोबा आगीच्या गोष्टी सांगत असतील. छे. त्यांच्या बोलण्यात आग कमी आणि पाइप जास्त. होज तेव्हा कॅनव्हासचा, आत रबराचं अस्तर नाही. कोरड्या होजमध्ये पाणी सोडलं की पहिल्यांदा तो सगळ्या अंगाने पाझरतो, मग धागे भिजून फुगतात आणि विण घट्ट होऊन गळती थांबते. म्हणजे पुढे नळी धरलेल्याच्या आधी मागे होज खांद्यावर घेतलेल्याची आंघोळ. आग विझवून परत आलं की झोप नाही, तो सगळा होज अंगणात पसरायचा, चिखल-राख ब्रशने घासून काढायची, आणि टॉवरवर उभा टांगायचा. स्टेशनातला तो उंच टॉवर लोकांना टेहळणीचा वाटतो, त्याची निम्मी कामगिरी म्हणजे होजची दोरी, बाकी ड्रिल. ओला गुंडाळून ठेवला की कुजायचा आणि पुढच्या कॉलला दाब चढला की फाटायचा, आणि फाटला की साहेब विचारणार वाळवला कोणी होता. पावसाळ्यात लागोपाठ कॉल आले की वाळवायचा कुठे हाच प्रश्न. आजोबा म्हणायचे, जुलै महिना हा फायरमनचा नाही, धोब्याचा.

आणि कॉल तरी सगळे आगीचे कुठे. भिंत पडली, झाड पडलं, माणूस विहिरीत, म्हैस विहिरीत. उपनगरात म्हशीचे कॉल भरपूर. दोराने ओढली तर दोर पोटात रुततो, मग जुना बाद झालेला होज दुहेरी करून पोटाखालून घालायचा, तो रुंद असतो त्यामुळे जनावराला इजा नाही, वर तिकाटणं उभं करून कप्पीने वर. म्हैस वर आली की पहिलं काम लांब पळायचं कारण ती उपकार मानत नाही.

युद्धातले ट्रेलर पंप पण त्यांनी भरपूर वापरले. हवाई हल्ल्याच्या भीतीने आणलेले, दोन चाकांवर पंप आणि लॉरीच्या मागे जोडायचा. युद्ध संपल्यावर देशभर कितीतरी नगरपालिकांनी हेच पंप वर्षानुवर्षं चालवले. उपनगरात त्याचा खरा फायदा म्हणजे गावठाणाच्या बोळात लॉरी शिरत नाही तिथे पंप सोडवून चार माणसं हाताने ढकलत विहिरीपर्यंत नेऊ शकतात.

जोगेश्वरीकर

@बंबवाल्याचा_नातू, हे सोनं आहे हो! म्हैस तर स्मरणिकेत जाणारच. विहिरीवर अजून लिहा ना कोणीतरी, कारण हायड्रंट (बंबाला पाणी घ्यायचा रस्त्यावरचा नळ) असताना विहिरीवर का जायचे?

पंपवाली_ताई

हायड्रंट असताना नाही, नसताना. :) पाणीपुरवठ्यात नोकरी झाली त्यामुळे या भागात मी थोडी बडबड करते, सहन करा.

तानसाच्या मोठ्या पाइपलाइन उपनगरातूनच शहरात जातात, कुर्ला-घाटकोपरकडच्यांनी लहानपणी त्यावरून चालण्याचा उद्योग केलेला असेल. पण त्या आहेत मुख्य वाहिन्या, पाणी शहरात पोचवायला टाकलेल्या, त्यांना जागोजागी हायड्रंट काढत नाहीत. हायड्रंट असतात ते गल्लीतल्या वितरणाच्या नळांवर, आणि ते जाळं उपनगरात हळूहळू पसरलं. म्हणजे डोळ्यासमोर माणूस उभा राहील एवढा पाइप आणि घर जळतंय तर पाणी विहिरीचं. जिथे जाळं होतं तिथेही पाणी ठरलेल्या तासांनाच. त्या तासाबाहेर आग लागली तर आधी चावीवाल्याला शोधा, तो व्हॉल्व्ह फिरवणार, मग पाणी फिरून येणार, मग दाब येणार. चावीवाला जेवायला गेला असेल तर बोला राम राम.

आता विहीर. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, खरं तर पंप सक्शन पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेच्या दाबाला मर्यादा आहे. पुस्तकात ३३-३४ फूट, प्रत्यक्षात गळती-घर्षण धरून २४-२५ फुटांच्या खालचं पाणी काठावरच्या पंपाला मिळत नाही, मग पंप कितीही दांडगा असो. आता उपनगरातली विहीर आठवा. ऑगस्टमध्ये हात बुडेल एवढी वर आणि मे महिन्यात तळ दिसतो. आणि गवत, गंजी, झावळ्या पेटतात कधी? एप्रिल-मे मध्येच. म्हणजे पाणी हवं तेव्हा ते नेमकं पंपाच्या आवाक्याखाली गेलेलं.

खाडी होती म्हणाल तर तिथे भरती-ओहोटी. भरतीला पाहिजे तेवढं पाणी, ओहोटीला नुसता चिखल, सक्शनच्या टोकाची जाळी गच्च भरते आणि पंप कोरडा फिरायला लागतो. वांद्र्याच्या तलावासारखं पाणी जवळ असेल तो भाग्यवान.

यातून उपाय एकच, पाणी सोबत घेऊन जायचं. त्याचाही हिशोब करून बघा, ५०० गॅलनची टाकी आणि मिनिटाला १०० गॅलन फेकणारी एकच नळी धरली तर ५ मिनिटं. पाच मिनिटांत घर विझलं तर विझलं, नाहीतर दुसरी गाडी येईपर्यंत शेजारच्या घराच्या भिंती भिजवत राहायचं, तेही बादल्यांनी.

पार्लेकर_पूर्व

ताई +१. आणि पाण्याआधी रस्ता!

उपनगरं उभी वाढली रेल्वेला धरून. बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या १९२८ पासून, कुर्ल्याला हार्बरने १९२५ पासून, त्यामुळे वस्ती स्टेशनाच्या दोन्ही अंगांना. रस्ते मात्र धड असे दोनच, पश्चिमेला घोडबंदर रोड आणि तिकडे आग्रा रोड (आत्ताचे एस. व्ही. रोड आणि एलबीएस मार्ग). एक्सप्रेस हायवे वगैरे सगळं नंतरचं. आता घोडबंदर रोड रुळांच्या पश्चिमेला, आग लागली पूर्वेला, मध्ये फाटक. फाटकवाला काय करणार, गाडीला सिग्नल देऊन बसलेला, लोकल गेली की मेल, मेल गेली की मालगाडी. बंबाची घंटा वाजतेय आणि पलीकडे धूर दिसतोय आणि सगळे उभे. माझ्या वडिलांनी हे पार्ल्यात बघितलेलं आहे, लोकं रुळ ओलांडून बादल्या घेऊन पळत गेली आणि बंब नंतर पोचला. विक्रोळीचं फाटक तर अगदी आता आतापर्यंत होतं की, त्यामुळे हे काही फार पुरातन नाही.

म्हणून उपनगरात एका ठिकाणी एक फायर स्टेशन दिलं की भागलं असं होत नाही, रुळांच्या दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. शहरात पण रेल्वे आहे पण तिथे पूल बरेच आधीपासून होते.

आणि खबर देणार कशी ते पण. घरोघर फोन नव्हते. फोन असायचा स्टेशन मास्तरकडे, पोलीस चौकीत, एखाद्या डॉक्टरकडे, इराण्याकडे. कोणीतरी सायकल मारत तिथे जाणार, धापा टाकत पत्ता सांगणार, आणि पत्ता म्हणजे काय तर "वडाच्या मागे, नाईकांच्या वाडीत". शहरातल्या माणसाला पोस्टिंग उपनगरात मिळालं की पहिले काही महिने वाड्या पाठ करण्यातच जात असणार.

बंबवाल्याचा_नातू

@पार्लेकर, बरोब्बर. आजोबा सांगायचे की दुपारी सामसूम असली की ड्रायव्हरला घेऊन पायी फिरायला पाठवायचे, कुठल्या वाडीत विहीर कुठे, तिला कठडा आहे का, पंप किती जवळ नेता येतो, कुठल्या बोळात वळता येत नाही. सगळं डोक्यात. आणि ती माहिती पुढच्याला तोंडीच द्यायची.

गोठ्याशेजारचा

आमचं बालपण गोरेगावला तबेल्याच्या शेजारी, म्हणून गंजीबद्दल. सरकारने १९४९ ला आरे कॉलनी काढली ती शहरातल्या म्हशी बाहेर हलवायलाच, पण तबेले जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यात बाहेरही चिक्कार होते आणि तबेला म्हटला की पेंढा आणि सुकं गवत आलंच, छपरापर्यंत रचलेलं.

गंजीची आग ही बघणाऱ्याला किरकोळ वाटते आणि विझवणाऱ्याचा जीव काढते. वरून पाणी मारलं की वरचा थर भिजून चपटा होतो आणि तोच छत्रीसारखा आतल्या आगीचं रक्षण करतो. पाणी बाहेरून ओघळून जातं, आत लाल. त्यामुळे पंजे-फावडी घेऊन गंज फोडावी लागते, एकेक थर ओढून बाहेर काढायचा, पसरायचा, भिजवायचा, पुढचा थर. धुराने डोळे चुरचुरतात, अंगाला कुसळं टोचतात. रात्रभर चालायचं हे काम. आणि संपलं म्हणून गेले की दुसऱ्या दिवशी दुपारी परत धूर. वरती किरणने गोदीतल्या कापसाच्या गाठींचं लिहिलंय ना, तीच तऱ्हा, आगीच्या पोटात शिरता येत नाही तोवर वरून कितीही पाणी ओता. फरक एवढाच की गंजीच्या खाली दारूगोळा नव्हता.

त्यात गंमत म्हणजे गवत ओलसर असताना रचलं तर ते आतल्या आत तापतं आणि कोणी काडी न लावता पेटू शकतं. शेतकऱ्याला हे माहीत असतं. तबेल्यात मात्र अशा वेळी पहिला संशय भय्याच्या बिडीवर.

आणि म्हशी सोडवणं हे वेगळं प्रकरण. खुंट्याला बांधलेली जनावरं, दावी कापायची तर आत धूर, आणि बाहेर काढलेली म्हैस घाबरून परत गोठ्यातच शिरते. त्यामुळे दावं कापणारा एक आणि दारात काठी घेऊन अडवणारा एक अशी जोडी लागायची. हे काम फायरमनपेक्षा गवळीच करायचे, बंबवाले पाणी मारायचे.

चेंबूरची_माया

आमच्या बाजूचं वेगळंच होतं. इकडे म्हशी नाही, तेल!

तुर्भ्याला (ट्रॉम्बे हो, नवी मुंबईतलं नाही) १९५४ ला स्टॅनव्हॅकची रिफायनरी आणि १९५५ ला बर्मा-शेलची. म्हणजे हद्द वाढून जेमतेम चार-पाच वर्षं झाली आणि ब्रिगेडच्या नव्या इलाख्यात पेट्रोलच्या टाक्या. रिफायनरीचं स्वतःचं दल असतं, पण बाहेर टँकर उलटला किंवा गळती झाली तर म्युनिसिपालिटीचाच बंब येणार. तेलाच्या आगीवर नुसती पाण्याची धार मारली तर तेल वर तरंगत पसरतं आणि आग आणखी मोठी. त्यावर फेस लागतो. त्या काळचा फेस कशापासून बनायचा माहितीये? जनावरांची खुरं आणि शिंगं उकळून काढलेल्या प्रथिनापासून. वास असा की बाबा म्हणायचे आग परवडली. (बाबा एका तेल कंपनीत होते, ड्रिलच्या दिवशी घरी आले की आई त्यांना आधी मोरीत गेल्याशिवाय आत येऊ द्यायची नाही.)

शिवाय फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावण्या, चेंबूरला, मुलुंडला, सायन कोळीवाड्याला. बराकी, मध्ये एकेका पडद्याची भिंत आणि आत स्टोव्ह. हा सगळा भार त्याच दहा वर्षांत आला हे लक्षात घ्या.

वेम्बलीकर

दूरवरून हजेरी. :) मी राहतो त्या भागाची गोष्ट अगदी याच काळातली आहे म्हणून लिहितो, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

लंडनच्या वायव्येचं हे उपनगर तेव्हा मिडलसेक्स परगण्यात. १९३८ च्या कायद्यापर्यंत इथे नगरपालिकांवर फायर ब्रिगेड ठेवण्याची सक्तीसुद्धा नव्हती, आणि ज्यांच्याकडे होत्या त्यांची साधनं एकमेकांना जुळायची नाहीत. बॉम्बहल्ल्यात शेजारच्या गावाचा बंब मदतीला यायचा आणि त्याच्या होजचं तोंड इथल्या जोडाला बसायचंच नाही. पाणी आहे, पंप आहे, होज आहे, आणि जोडता येत नाही. शेवटी १९४१ मध्ये सोळाशेच्या आसपास दलं एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन दल केलं. युद्धानंतर १ एप्रिल १९४८ ला ते परत परगण्यांकडे गेलं, जुन्या छोट्या नगरपालिकांकडे नाही, आणि मिडलसेक्सची स्वतःची ब्रिगेड झाली. ८ ऑक्टोबर १९५२ ला हॅरो-वील्डस्टोन स्टेशनात तीन गाड्यांचा अपघात झाला, ११२ माणसं गेली, तेव्हा धावलेली ही उपनगरी ब्रिगेड. १९६५ ला लंडन वाढलं आणि ती लंडन फायर ब्रिगेडमध्ये विरघळली.

म्हणजे मुंबईने १९५० ला जे केलं ते लंडनने १९६५ ला. आपण पंधरा वर्षं पुढे, कधी नव्हे ते!

पंपवाली_ताई

@वेम्बलीकर, अजिबात अवांतर नाही. जोडाचा मुद्दा लाख मोलाचा. आपल्याकडे आज जो अडीच इंची, म्हणजे ६३ मिमीचा खटकन बसणारा जोड सगळीकडे दिसतो तो मूळ ब्रिटिश पद्धतीचाच. नराचं तोंड मादीत ढकललं की दोन खिट्ट्या स्प्रिंगने आत येतात आणि बसला, आटे फिरवत बसायला नको. सोडवायचा तर दोन्ही खिट्ट्या एकदम ओढायच्या. अंधारात, ओल्या हाताने, कोणीही करू शकतो. आत एक रबरी वॉशर असतो, तो निखळला की जोडातून फवारा उडतो, म्हणून खिशात जास्तीचा वॉशर ठेवायची पद्धत. हद्दी एक करायच्या म्हणजे साहेबांच्या खुर्च्या एक करणं झालंच, त्याबरोबर ही तोंडं पण एक व्हावी लागतात.

जुनं_ते_सोनं

सगळं वाचलं. एवढ्या अडचणी असूनही तेव्हाची माणसं प्रामाणिक होती, बंब वेळेवर यायचा, आत्ता बघा. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी आग लागली तेव्हा बंब कोपऱ्यावर अडकून पडला, दोन्हीकडे गाड्या पार्क. कसली प्रगती?

पार्लेकर_पूर्व

@जुनं_ते_सोनं, काका, पार्किंगबद्दल शंभर टक्के सहमत पण "तेव्हा वेळेवर यायचा" हे कुठून काढलंत? वरचा अख्खा धागा तो का यायचा नाही यावरच चाललाय. :) फाटक, चावीवाला, विहीर, फोन. ज्यांच्या घरापर्यंत पोचला त्यांच्या आठवणी राहिल्या, बाकीच्यांनी बादल्यांनी विझवली आणि राख झाडली. शहरात ५-७ मिनिटांत आणि खेड्यात २० मिनिटांत पोचावं असं पुढे राष्ट्रीय पातळीवर ठरवलं गेलं. तेव्हाचं उपनगर हे धड शहर नाही धड खेडं नाही, कर शहराचा आणि पाणी खेड्याचं.

जुनं_ते_सोनं

कर शहराचा आणि पाणी खेड्याचं हे मात्र आजही लागू आहे. माझा मुद्दा माणसांचा होता. ती माणसं कमी पगारात राहायची आणि घंटा वाजली की उठायची.

बंबवाल्याचा_नातू

काका, ती आजही उठतात. पगाराबद्दल आजीला विचारायला हवं होतं.

किरण_कुर्ला

@जोगेश्वरीकर, लेखात एक गोष्ट नीट मांडा असं सुचवतो. उपनगरातल्या नगरपालिका १९५० ला गेल्या त्याचं दुःख तेव्हा बऱ्याच जणांना होतं, आपला कारभार गेला, शहरातून सगळं ठरणार. पाणी, दवाखाने, रस्ते याबाबत ते भांडण खरंही होतं. पण आगीच्या बाबतीत छोट्या नगरपालिकेला हे झेपणारं नव्हतंच. एक बंब घ्यायचा म्हणजे नुसती गाडी नाही, तीन पाळ्यांचे ड्रायव्हर, होज, वर्कशॉप, आणि तो बंब दुरुस्तीला गेला की दुसरा. मोठ्या ब्रिगेडकडे एक गाडी बिघडली तर शेजारच्या स्टेशनची पाठवता येते. जोगेश्वरीला मोठी आग लागली तर पाठोपाठ दादरचे बंब निघू शकतात हीच विलीनीकरणाची खरी कमाई, आणि ती ज्या दिवशी आग लागते त्याच दिवशी कळते.

पार्लेकर_पूर्व

दादरहून निघू शकतात, माहीमच्या कॉजवेवर ट्रॅफिक नसेल तर.

जोगेश्वरीकर

लोक्स, एवढा मजकूर झालाय की संपादक मला चार पानं देणार नाहीत. म्हैस, चावीवाला, फाटक, गंज आणि ६६ जण हे नक्की घेतोय. खुरा-शिंगाचा फेस मायाताईंच्या परवानगीने.

@बंबवाल्याचा_नातू, आजोबांचं पितळी हेल्मेट वगैरे आहे का घरात? फोटो मिळाला तर मुखपृष्ठाच्या आत टाकू.

बंबवाल्याचा_नातू

हेल्मेट सरकारजमा करावं लागायचं, घरी नाही. ते पितळी दिसायला राजेशाही, दर आठवड्याला चिंच लावून घासायचं, पण पितळ वीज वाहून नेतं त्यामुळे जळक्या घरात लोंबणारी वायर डोक्याला लागली की संपलं. उपनगरात वीज घरोघर जायला लागली तशी आजोबांना त्याची धास्ती होती, आत शिरण्याआधी मेन स्विच कुठाय हे ओरडून विचारायची सवय त्यांना लागली ती जन्मभर. पाव्हण्याकडे जेवायला गेले तरी आधी मीटरची पेटी कुठे आहे ते बघून ठेवायचे.

घरात आहे ती एक जोडाची पितळी नर-मादी, बाद झालेली. आई पेपरवेट म्हणून वापरते. तिचा फोटो चालेल का?

जोगेश्वरीकर

धावेल. बाजूला पट्टी ठेवून काढा म्हणजे ६३ मिमी दिसेल, ताई खूश.